रिसीव्हर बदलण्यापूर्वी

वाळवंटी टोळाची मादी ओलसर वाळूत दहा-पंधरा सेंटिमीटर खोल अंडी घालते. वरून पाहणाऱ्यास तेथे फारसे काही दिसत नाही. अनुकूल उष्णतेत सुमारे दोन आठवड्यांत पिले बाहेर पडतात आणि त्यांना पंख फुटण्यापूर्वीच नियंत्रण सर्वांत परिणामकारक ठरते. त्यामुळे थरच्या वाळवंटात सर्वेक्षकाने टिपलेले अक्षांश-रेखांश हीच पुढच्या फवारणी पथकाची खूण असते. वेळेवर न रोखलेले थवे किती दूर जातात, हे मे २०२० मध्ये विदर्भानेही पाहिले.

अशी खूण चुकली की दोष रिसीव्हरवर येतो आणि नव्या, महागड्या उपकरणाची मागणी होते. पुष्कळदा ही मागणी घाईची असते. उपकरण बदलण्यापूर्वी चूक नेमकी कोठे झाली, हे शोधण्याची शिस्त क्षेत्रीय प्रशिक्षणाचा भाग व्हायला हवी.

भारतात उपग्रहाद्वारे जीपीएसची सुधारणा पुरवणारी ‘गगन’ ही प्रणाली इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विमानवाहतुकीसाठी उभारली. देशभरातील संदर्भ केंद्रे जीपीएस संकेतांतील त्रुटी मोजतात आणि त्यांवरील सुधारणा भूस्थिर उपग्रहांमार्फत प्रसारित होते. हे उपग्रह भारतातून दक्षिणेकडच्या आकाशात एकाच जागी स्थिर असतात. म्हणून दक्षिणेला भिंत, दाट आमराई वा वाहनाचे छत आड आले, तर जीपीएसचे अनेक उपग्रह दिसत असूनही सुधारणा मात्र मिळत नाही. पहिली तपासणी म्हणूनच आकाशाची.

दुसरी तपासणी मांडणीची. परदेशी बनावटीच्या काही रिसीव्हरांत सुधारणेची सोय बंद असते किंवा अमेरिकी प्रणालीपुरती मर्यादित असते. गगनचे १२७ व १२८ हे उपग्रह निवडलेले आहेत का, ते पाहावे. काही उपकरणे तेच क्रमांक ४० व ४१ असे दाखवतात. तिसरी तपासणी वेळेची. सुधारणेचा संदेश सेकंदाला अवघ्या २५० बिट वेगाने येतो, त्यामुळे उपकरण सुरू केल्यावर काही मिनिटे थांबणे आवश्यक असते. शिवाय भारतासारख्या विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात सूर्यास्तानंतर आयनांबरातील खळबळीने संकेत अस्थिर होऊ शकतात. महत्त्वाची नोंद शक्यतो दिवसा घ्यावी.

एवढे करूनही सर्वांत मोठी चूक उपकरणाबाहेर, कागदावर होऊ शकते. २६ अंश ५५.३० मिनिटे हे वाचन २६.५५३० अंश असे लिहिले गेले, तर जैसलमेरजवळची जागा सुमारे ४१ किलोमीटर दक्षिणेला सरकते. कोणतीही सुधारणा प्रणाली ही चूक दुरुस्त करू शकत नाही.

क्षेत्रीय कर्मचाऱ्यांवर आधीच कामाचा भार आहे. त्यात या तपासण्यांची भर कशाला, हा आक्षेप रास्त आहे. अंडी घातलेले क्षेत्र पुन्हा शोधण्यास चार-पाच मीटरांची चूक सहसा चालूनही जाते. परंतु मधमाश्यांच्या पेट्या किंवा तुतीची बाग शेजारी असताना ड्रोनने कीटकनाशक फवारायचे असेल, तर तेच चार-पाच मीटर शेजाऱ्याचे नुकसान करतात. तेथे गगनवरही न विसंबता जवळच्या आधार केंद्राकडून सुधारणा घेणारी आरटीके पद्धत वापरावी. कोणत्या कामाला किती अचूकता हवी, हा निर्णय घेण्यासाठी हाती असलेल्या नोंदीचा दर्जा ठाऊक असावा लागतो.

त्यासाठी मोठा खर्च नको. बहुतेक रिसीव्हर स्थानाचा दर्जा अंकाने देतात: १ म्हणजे सुधारणेविना, २ म्हणजे सुधारणेसह, ४ म्हणजे आरटीकेने निश्चित. कीड सर्वेक्षणाच्या प्रत्येक नमुन्यात या अंकासाठी एक रकाना असावा आणि अक्षांश-रेखांश केवळ दशांश अंशांत लिहिण्याचा नियम असावा. प्रत्येक केंद्राच्या आवारात अचूक मोजलेली एक खुंटी असावी. हंगामापूर्वी व शंका येईल तेव्हा रिसीव्हर तिच्यावर ठेवून पडताळावा. खुंटीवर बरोबर ठरलेला रिसीव्हर शेतात चुकत असेल, तर दोष आकाशाचा, मांडणीचा किंवा लेखनाचा आहे. आणि त्यावर नवी खरेदी हा उपाय नव्हे.