सलाईनने ताकद येत नाही

"डॉक्टर, हातापायात गोळे येतात, अंगात जोरच राहिला नाही. एक सलाईन लावून द्या." जालन्यात हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा जात नाही. बाटली लावायची, त्यात एक पिवळं इंजेक्शन सोडायचं आणि पैसे घ्यायचे, हे आम्हा डॉक्टरांना सगळ्यात सोपं. म्हणून स्पष्टच लिहितो. अशक्तपणा ही तुमची तक्रार आहे, ते निदान नव्हे. कारण न शोधता लावलेली बाटली म्हणजे निव्वळ टाळाटाळ.

बाटलीत असतं काय? पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरमध्ये 25 ग्रॅम साखर, म्हणजे 100 कॅलरीसुद्धा नाहीत. ज्वारीची एक मोठी भाकरी याहून जास्त देते.

नुसते पैसे गेले असते तर एक वेळ चाललं असतं. पण समजा धडधाकट तरुण रात्री भरपेट जेवून झोपला आणि पहाटे त्याला पायच उचलेनात. रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं असू शकतं, कधी मुळाशी थायरॉईडही असतं. अशा वेळी ग्लुकोज चढवलं की इन्सुलिन वाढतं, उरलंसुरलं पोटॅशियम पेशींत ढकललं जातं आणि लकवा वाढतो. हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. आधी पोटॅशियम आणि ईसीजी, मग बाटलीचा विचार.

त्याच पहाटे पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, पोटात दुखतंय, आणि माणूस जमिनीवर झोपला होता? मग मण्यार डोक्यात आली पाहिजे. तिच्या दंशाला सूज नसते, खूणही बऱ्याचदा सापडत नाही. तिथे प्रतिविष आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय लागतं, तेही तातडीने.

आपला जिल्हा कपाशीचा. फवारणीनंतर दंडाचे, मांडीचे स्नायू बारीक बारीक उडू लागले, घाम आणि लाळ सुटली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर ते कीटकनाशकाचं विष आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. यात एक फसवी गोष्ट आहे: रुग्ण सुधारल्यासारखा वाटतो आणि एक ते चार दिवसांत त्याला मान उचलता येईनाशी होते, मग श्वास अडकतो. म्हणून घाईने घरी नेऊ नका. कपडे बदला, अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत आणा. अमुक फवारलं होतं, हे न विचारता सांगा. आमच्यापैकी अनेकजण विचारत नाहीत.

आता सलाईनवाल्यांची बाजू. एमआयडीसीतल्या स्टीलच्या भट्टीसमोर पाळी करणाऱ्याला घामातून मीठ गेल्यामुळेच पेटके येतात, हे खरं. नुसतं पाणी ढोसून ते थांबत नाहीत. पण शुद्धीवर असलेल्या, उलटी नसलेल्या माणसाला ओआरएस पुरतं. लघवी काळपट झाली तर मात्र किडनीची तपासणी करा.

जुलाब बरे झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी दोन्ही पायांत मुंग्या येऊन कमजोरी वर वर चढू लागली, तर जीबीएस. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात याचीच साथ आली होती. उपचार आहेत, पण बाटल्यांत गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

बाकी बी-12, ड जीवनसत्त्व, कोलेस्टेरॉलच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ही कारणंही नेहमीची. नुसती पापणी फडफडते आणि ताकद शाबूत आहे, तर बहुतेक वेळा झोप आणि चहा यांचा हिशेब बघा. ताकद कमी होत असेल, स्नायू वाळत असतील, तर मज्जाविकारतज्ज्ञाकडे जा.

"मी नाही लावलं तर पेशंट शेजारच्या दवाखान्यात जाईल," असं सहकारी म्हणतात. जातो. माझेही गेलेत. तिथेही सुई टोचण्याआधी एवढं विचारा: "डॉक्टर, हे कशामुळे होतंय, आणि या बाटलीत काय आहे?"