गाण्याचे पैसे कोण देतं?

परवाच्या शुक्रवारी आमच्या प्रोजेक्टची पार्टी होती. रिलीज एकदाचं मार्गी लागलं होतं, मॅनेजर खुशीत होता, त्यामुळे नेहमीच्या ढाब्याऐवजी बाणेरच्या एका छोट्या 'लाईव्ह म्युझिक'वाल्या बारमध्ये जायचं ठरलं. जेमतेम पंधरा टेबलं, कोपऱ्यात वीतभर उंचीचं स्टेज आणि स्टेजच्या बरोब्बर डोक्यावर भलामोठा टीव्ही. टीव्हीवर मॅच, खाली तिघं जण गातायत-वाजवतायत.

आमचं टेबल आठ जणांचं, आवाज सोळा जणांचा. ऑनसाईटला कोण जाणार यावर वाद चालला होता. गाण्याचा आवाज वाढला की आम्हीही आमचा वाढवत होतो. मधेच एकाने टिश्यूपेपरवर फर्माईश लिहून पाठवली. थोड्या वेळाने ते गाणं 'लागलं' (लागलं म्हणतोय बघा, जसा काही रेडिओच!) तेव्हा साहेब बाहेर सिगरेट ओढत होते.

ब्रेकमध्ये गायक आमच्या टेबलाशी आला आणि माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "काय रे, ओळख विसरलास?"

च्यायला, हा तर माझा होस्टेलचा रूमी! सबमिशनच्या रात्री आम्ही जर्नलं उतरवत बसायचो आणि हा गिटार घेऊन बसायचा. चार वर्षं रोज ऐकलेला आवाज, आणि वीस फुटांवर दीड तास बसून मला तो ओळखू आला नव्हता. कारण मी ऐकतच नव्हतो. त्याने मात्र आल्याआल्याच मला पाहिलं होतं.

मग बिल आलं. चौदा हजारांचं खाणंपिणं आणि वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. आमच्यातला एक जण लगेच सरसावला. त्याचा मुद्दा बरोबरच होता म्हणा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. वीस मिनिटं हुज्जत घालून आम्ही चौदाशे रुपये वाचवले, एकमेकांना टाळ्या दिल्या. गाण्याला काही दिल्या नव्हत्या.

बाहेर पार्किंगमध्ये रूमीशी बोललो. तीन तासांचे तिघांत मिळून सहा हजार. स्पीकर मालकाचा, पण येण्याजाण्याचा खर्च यांचा. जेवण फुकट, तेही किचन बंद व्हायच्या आत ब्रेक मिळाला तर. "पैशांचं ठीक आहे रे," तो म्हणाला, "पण टीव्ही तरी बंद करायला हवा. विकेट पडली की लोक ओरडतात आणि मला क्षणभर वाटतं आपल्यालाच ओरडले."

घरी येऊन ते बिल पुन्हा बघितलं. खाण्यावर ५ टक्के जीएसटी, दारूवर व्हॅट. सरकारचा वाटा आहे, मालकाचा आहे, वेटरच्या नावाने सर्व्हिस चार्ज होता. लोकांची गाणी हॉटेलात गायची तर गीतकार-संगीतकारांसाठीही सोय आहे. त्यांच्या वतीने लायसन्स देणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. फक्त त्या रात्री घसा फोडून गाणाऱ्याची ओळ बिलात कुठेच नाही. बाहेरच्या बोर्डावर मात्र 'लाईव्ह म्युझिक' सगळ्यात मोठ्या अक्षरांत!

तुम्ही म्हणाल, कव्हर चार्ज असतो की. असतो, पण बऱ्याच ठिकाणी तो खाण्यापिण्यात वळता होतो. म्हणजे ते बियरचं कुपन झालं. माझं म्हणणं एवढंच, की माणशी शंभर रुपये गाण्याचे म्हणून वेगळे घ्या, दारातच स्पष्ट सांगा आणि ते वाजवणाऱ्यांना द्या. ज्याला नको तो आत येणार नाही. तमाशात दौलतजादा करणाऱ्याला निदान पैसे कुणाला देतोय हे तरी माहीत असायचं. ती पद्धत परत आणा असं अजिबात म्हणत नाहीये, पण आपण त्याच्याही मागे गेलोय.

दुसरा आक्षेप: आठवडाभर राबून माणूस गप्पा मारायला येतो, मौनव्रत पाळायला नाही. मान्य. बार म्हणजे काही बालगंधर्व नव्हे. पण जागेची मांडणीही बरंच काही ठरवते. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ ते २०१६ ब्लूफ्रॉग होतं. तिथे गोल गोल कप्प्यांत, कमीजास्त उंचीवर बसायची सोय होती आणि सगळ्यांचा रोख स्टेजकडे. तेवढा खर्च छोट्या मालकाला झेपणार नाही, कळतं. पण टीव्ही बंद करायला आणि गप्पिष्ट ग्रुपला मागचं टेबल द्यायला काय खर्च येतो?

आणि आपलं काय? नाटकात कुणाचा मोबाईल वाजला तर आपण त्याच्याकडे खाऊ की गिळू असं बघतो. तोच माणूस बारमध्ये शिरला की दहा फुटांवर गाणाऱ्याला पंख्यासारखा धरतो, चालू असला काय नि नसला काय. पाचशेचं तिकीट काढलं की ऐकायचं आणि फुकट मिळालं की नाही, असा काहीतरी हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलाय.

काल पुन्हा गेलो, एकटाच. पुढचं टेबल घेतलं. मालकाला टीव्ही बंद करता का विचारलं, तर म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक ओरडतं." खरं असेल. पण मी पण गिऱ्हाईकच आहे की! पुढच्या शुक्रवारी टीममधल्या आणखी तिघांना घेऊन जाणार आहे. चौघं मिळून विचारू.