पाण्याची वाट

श्रावणांत रामलिंगाच्या दर्शनास जाणारी मंडळी घाटांतील हिरवी झाडी व कड्यावरून पडणारें पाणी पाहून संतुष्ट चित्तानें परत येतात. आम्हीही तसेच परत येत असूं. परंतु ज्या पाण्यास आपण शोभा म्हणतों, तें पुढें कोठें जातें व जातांना बरोबर काय घेऊन जातें, हा विचार फारच थोड्यांच्या मनास शिवतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओढ्याचें पाणी एका स्वच्छ पेल्यांत घेऊन रात्रभर तसेंच ठेवावें. सकाळीं तळाशीं जो गाळ बसलेला दिसेल, ती कोणाच्या तरी शेतांतील माती होय.

आमचें येडशी बालाघाटाच्या रांगेवर वसलेलें आहे. या रांगेच्या एका अंगास पडलेला पाऊस तेरणा व मांजरा या नद्यांतून गोदावरीस मिळतो, तर दुसऱ्या अंगाचा सीना व भीमा यांच्या वाटेनें कृष्णेस जातो. माणसांच्या वाटाही येथें पुष्कळ. सोलापूर-धुळें हा राष्ट्रीय महामार्ग व बार्शी-लातूर रस्ता येथें एकमेकांस मिळतात. सन १८९७ मध्यें सुरू झालेली अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे सन १९११ मध्यें येथूनच लातुरास पोंचली. तिच्या जागीं आतां ब्रॉडगेज आली आहे. या सुधारणांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु डोंगरउतारावर रस्ता बांधणें म्हणजे पाण्याच्या वाटेंत आडवी भिंत घालणें, हें ध्यानांत ठेवूनच त्यांचा विचार केला पाहिजे.

येथें थोडें गणित करूं. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारें एक लाख लिटर पाणी होतें. जमिनीवर गवत व झुडपें असलीं तर त्यांतील पुष्कळसें जिरतें, व उरलेलें दहा लहान ओहळांनीं सावकाश खालीं उतरतें. रस्ता झाला म्हणजे हे दहाही ओहळ वरच्या बाजूच्या गटारांत शिरतात, व गटार तें सर्व पाणी एका मोरीच्या तोंडाशीं आणून सोडतें. पाणी तेवढेंच, पण आतां तें एकवटलेलें व वेगवान असतें. स्थापत्यशास्त्राचा जुना नियम असा, कीं प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो पूर्वीच्या चौसष्टपट वजनाचा दगड हालवूं शकतो. हा नियम वर्गांत शिकतांना आम्हांस अतिशयोक्ति वाटली होती. पुढें एका मोरीखालचें शेत पाहिलें आणि शंका फिटली. तेथें बांध नव्हता, माती नव्हती. पुरुषभर खोल घळ व तिच्या तळाशीं उघडा मुरूम तेवढा होता. रस्ता मात्र सुरक्षित होता.

आमचा आक्षेप नेमका येथें आहे. रस्त्याचें अंदाजपत्रक मोरीच्या तोंडाशीं संपतें. त्यापलीकडची जमीन सरकारची नव्हे, म्हणून तेथील नुकसान हिशेबांत धरलें जात नाहीं. वास्तविक उपाय अवघड नाहींत. एका मोठ्या मोरीऐवजीं थोड्या थोड्या अंतरावर लहान मोऱ्या ठेवाव्या. मोरीच्या मुखाशीं दगडी फरशी व उतरत्या पायऱ्या बांधाव्या, म्हणजे पाण्याचा जोर तेथेंच मोडतो. डोंगर कापला असेल तेथें कापाच्या वर एक चर खणावा. संरक्षक भिंतींत पाणी झिरपून जाण्यास छिद्रें ठेवावीं. खर्च कांहींसा वाढेल, हें आम्हांस मान्य आहे. परंतु आज तो खर्च टळत नसून एकट्या शेतकऱ्याच्या माथीं बसतो. आपल्याच जिल्ह्यांतील नळदुर्गाचें धरण पाहा. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, सन १६१३ च्या सुमारास, तें बोरी नदीवर बांधलें गेलें. त्यावरून पडणारे नर-मादी धबधबे पाहावयास आपण सहली नेतों. परंतु जादा पाणी कोठून सोडावयाचें हें बांधणारानें आधींच ठरविलें होतें, म्हणून ती भिंत चारशें वर्षें उभी आहे, हें मुलांस कोणी सांगत नाहीं.

शेतांत पाणी अडविण्याची विद्याही नवी नव्हे. मुंबई इलाख्यांत जमीन सुधारणेचा कायदा सन १९४२ मध्यें झाला व समपातळीच्या बांधांचें काम त्यामुळें पुढें सरकलें. त्या वेळीं बार्शी इलाख्यांत व आमचें गांव निजामाच्या राज्यांत, म्हणून तो कायदा आम्हांस लागू नव्हता. बालाघाटावरून उतरणाऱ्या पाण्यास ही सरहद्द ठाऊक नव्हती, हें वेगळें सांगणें नको. उताराला आडवी नांगरट करण्यास तर कायद्याचीही गरज नाहीं. तरी उभी नांगरट अजून दृष्टीस पडतेच.

आणि गांवांतील गटारांविषयीं बोलावयाचें तर दोष आमच्याच पदरीं येतो. गटारावर ओटा बांधावयाचा, त्यांत प्लास्टिकच्या पिशव्या टाकावयाच्या, व पाणी घरांत शिरलें म्हणजे ग्रामपंचायतीच्या नांवानें बोटें मोडावयाचीं, हा क्रम आमच्या घरांतही चाललेला आम्हीं पाहिला आहे.

सन २०२५ च्या सप्टेंबरांत अतिवृष्टि झाली व सीनेस पूर आला, तेव्हां परांडा व भूम तालुक्यांत पिकेंच नव्हेत, तर जमिनीही खरडून गेल्या. एक इंच माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात. एवढ्या मोठ्या पुरास गटारें व मोऱ्या पुऱ्या पडल्या असत्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दरवर्षींच्या साध्या पावसानें जी माती जाते, ती वाचविणें आपल्या हातीं आहे. यापुढें ग्रामसभेंत एखाद्या रस्त्याचा विषय निघेल, तेव्हां नकाशा मागून घ्यावा, त्यावरील प्रत्येक मोरीवर बोट ठेवावें, आणि हिच्याखालीं कोणाचें शेत आहे, असें आमच्या पालकांपैकीं एकानें तरी उठून विचारावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.