पेन्शन एक तारखेला, पोटगी कधी?

गेल्या आठवड्यात कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात बासष्ट वर्षांच्या एक ताई भेटल्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात पासबुक, पोटगीच्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि शाळेची एक जुनी वही. वहीत दर महिन्याची एक ओळ: ठरलेले आठ हजार, मिळाले शून्य. अशा चौदा ओळी. घटस्फोटित नवरा निवृत्त सरकारी नोकर. त्याचं पेन्शन मात्र दरमहा खात्यात पडतं. ‘बँकेत गेले होते,’ ताई म्हणाल्या, ‘साहेब म्हणाले, पेन्शनमधून कापा असं ऑर्डरमध्ये लिहिलेलंच नाही.’

घटस्फोट झाला की पेन्शनचा वाटा आपोआप मिळतो, अशी अनेकींची समजूत असते. आपल्या कायद्यात तशी वाटणी नाही. पेन्शन हे नवऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर पोटगी ठरते, एवढंच. शिवाय घटस्फोटानंतर कुटुंब निवृत्तिवेतनावरचा बायकोचा हक्कही संपतो. म्हणून वेळेवर वसूल झालेली पोटगी हाच तिचा म्हातारपणीचा आधार.

वसुलीला गेलं की उत्तर मिळतं, ‘पेन्शनवर जप्ती येत नाही.’ दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 आणि 1871 चा पेन्शन कायदा पुढे केला जातो. पण हे संरक्षण सावकारापासून आहे. पोटगी मागणारी बायको ही सावकार नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं आहे. तरीही प्रत्येकीला हा वाद पुन्हा पहिल्यापासून घालावा लागतो, आणि त्यात वर्षं जातात.

म्हणून चार गोष्टी आधीच करा. पोटगीच्या अर्जातच पेन्शनचा तपशील द्या आणि रक्कम थेट आपल्या खात्यात वळवण्याची मागणी करा. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार असेल, तर 2005 च्या कायद्याच्या कलम 20 खाली नवऱ्याच्या मालकाला किंवा त्याचं देणं लागणाऱ्याला तसा आदेश देता येतो. दुसरी गोष्ट, सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. दोन्हींचा आग्रह धरा. तिसरी, नवरा निवृत्त व्हायच्या आत न्यायालयात जा. सरकारी नोकराला पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंत भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. ते एकदा खर्च झाले की हाती लागत नाहीत.

चौथी सर्वांत महत्त्वाची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालच्या पोटगीच्या थकबाकीसाठी वॉरंट हवं असेल, तर रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ताई ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणत थांबल्या. त्यांच्या वहीतल्या पहिल्या दोन ओळी या वाटेने आता वसूल होणार नाहीत.

माझं न्यायाधीशांना कळकळीचं मागणं आहे: नवरा पेन्शनर असेल तर रक्कम कोणत्या बँकेने, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात भरायची, हे पोटगीच्या आदेशातच लिहा आणि त्याची प्रत त्या बँकेला पाठवा. चार ओळींचं काम आहे. नवऱ्याला हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. ती दर तारखेला न्यायालयात येऊन आपण जिवंत आहोत हे दाखवत असते.

ताईंचा वसुलीचा अर्ज त्या दिवशी दाखल झाला. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. ताईंनी वही उघडली आणि पंधराव्या ओळीत पुढच्या महिन्याचं नाव लिहून ठेवलं.