नोंदवहीही डॉक्टरचीच

डॉक्टरने पेशंट तपासावेत, संगणकाचे संगणकवाल्यांनी पाहावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. दोन्ही कामे करणारा फॅमिली डॉक्टर त्यांना धड इकडचा ना धड तिकडचा वाटतो. पण आजाराची नोंद हा उपचाराचाच भाग आहे, आणि बारामती-इंदापुरात तरी हे पटायला हरकत नसावी. गळीत हंगामात सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती कारखान्यांच्या उसावर बीडकडच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. साध्या क्षयाचा उपचारही किमान सहा महिने चालतो. गावी गोळ्या सुरू झालेल्या मजुराचे बरेचसे डोस फडावरच होणार, आणि कागद घरच्या पेटीत राहिले तर इथला डॉक्टर अंदाजाने चालणार. क्षयरुग्णांच्या नोंदीचे सरकारी ‘निक्षय’ पोर्टल २०१२ पासून आहे. २०२१ पासून देशभर राबवल्या जाणाऱ्या डिजिटल आरोग्य अभियानात १४ अंकी ‘आभा’ क्रमांकही मिळतो. मात्र मुक्काम कोणत्या फडावर, मुकादम कोण, परतणार कधी, हे रकाने हवेत हे प्रोग्रॅमरला कोण सांगणार? जो त्या मजुराच्या छातीला स्टेथोस्कोप लावतो, तोच.

आक्षेप येतो की स्क्रीनमुळे डॉक्टरची नजर पेशंटवरून हटते. हटते, हे खरेच. पण ओपीडीतली गर्दी न पाहिलेल्यांनी, बिलाचा हिशेब डोक्यात ठेवून स्क्रीन आखली की दुसरे काय होणार? तो दोष डॉक्टर आखणीपासून दूर राहिल्याचा आहे. दुसरे म्हणणे असे की जुन्या डॉक्टरांना तीन पिढ्या तोंडपाठ असत. असत, पण स्मरणशक्तीला चेहरे आठवतात, साथीचा माग लागत नाही. यॉर्कशरमधल्या एस्गार्थचे खेड्यातले डॉक्टर विल पिकल्स यांनी साध्या वहीत गावोगावच्या रुग्णांच्या तारखा टिपल्या, त्यांवरून काविळीसारख्या रोगांचा अधिशयनकाळ, म्हणजे लागण ते लक्षणे यांमधला काळ, मांडला आणि १९३९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. यंत्राचा तिथे संबंधच नव्हता. गोपनीयतेचा आक्षेप मात्र सर्वांत वजनदार. गावात क्षयाची बातमी फुटली तर मुलीचे लग्न अडते. २०२३ चा विदा संरक्षण कायदा झाला तरी रिसेप्शनवरच्या मुलाला कोणता रकाना दिसावा, हे कायदा ठरवून देत नाही. ते त्या गावात दवाखाना चालवणाऱ्यालाच कळते.

आरोग्यनोंदींच्या संगणकप्रणाली आखण्याच्या या कामाला अमेरिकेत २०११ मध्ये डॉक्टरांची उपशाखा म्हणून मान्यता मिळाली. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या इंटर्नना सलाइन लावण्याबरोबर नोंदीचा फॉर्म आखायलाही शिकवावे, आणि त्यासाठी पहिला वर्ग ऊसतोडीच्या फडावर भरवावा.