हिची गोष्ट तू सांग

आमचं उल्हासनगर कॅम्प ४ मधलं घर दोनच खोल्यांचं, पण त्यात रिकामा हात म्हणून सापडायचा नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेली ही छावणी. फाळणीनंतर इथे सिंधी निर्वासित आले, मोडकं ते जोडत पुन्हा उभे राहिले आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. जुळवाजुळव करून जगण्याची ती रीत आमच्याही घरात मुरली होती. आई जीन्सच्या कारखान्यांतल्या चिंध्यांची गोधडी शिवायची. कुठला तुकडा कुठे लावायचा ते आम्ही भावंडं ठरवायचो. वाकडा लागला तरी ती उसवत नसे. रविवारी बाबा आम्हाला वालधुनी नदीच्या कडेने अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत चालवत न्यायचे. तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. बाहेरच्या भिंतीवरच्या एखाद्या मूर्तीपुढे थांबून ते म्हणायचे, ‘हिची गोष्ट तू सांग.’ आम्ही वाटेल ते रचायचो, ते मन लावून ऐकायचे. हिवाळ्यात मलंगगडाची चढण. दमलो तर बसायचं, पण परत फिरायचं नाही. आज मुलांना छंदवर्गाला घालायला पैसे लागतात, हे खरं. पण त्यांनी रचलेली गोष्ट शेवटपर्यंत ऐकायला आणि वाकडा टाका तसाच राहू द्यायला काहीच लागत नाही. माझं धाडस त्या दोन खोल्यांत वाढलं. एवढं तरी प्रत्येक घराने आपल्या लेकरांना द्यावं.