डाव्या दाराची पट्टी

गेल्या अंकातल्या मिक्सरच्या कपलरवरून दोन काकूंचे फोन आले, त्यांना उत्तरं दिली आहेत. या वेळी गाडी. इंजिन नव्हे, तेवढी माझी पोच नाही. दारावरची पट्टी.

आमची गाडी २०१० ची, बाबांनी रेल्वेत असताना घेतलेली. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री बडोद्यात शिरली तेव्हा पार्किंगमध्ये ती निम्म्या दारापर्यंत बुडाली. इंजिन मेकॅनिकने वाचवलं. पण कुणाची तरी तरंगत आलेली पाण्याची टाकी डाव्या बाजूला घासून गेली. मागच्या दाराची पट्टी वाहून गेली, पुढची लोंबायला लागली. बाबांनी ती तपकिरी पॅकिंग टेपने चिकटवली आणि सव्वा वर्ष तशीच ठेवली. आई म्हणायची, गाडीला प्लास्टर घातलंय.

यंदा डिसेंबरात गाडीला १५ वर्षं होतात. म्हणजे फिटनेस तपासणी करून आरसी आणखी ५ वर्षांनी वाढवायची, नाहीतर गाडी काढायची. मी गुपचूप एका दलालाला फोटो पाठवले. तो म्हणाला, पट्ट्या नाहीत, पाच हजार कमी होतील. चार-पाचशेच्या कामाला पाच हजार! दिवाळीनंतर एका रविवारी सामान मांडलं. बाबा खुर्ची घेऊन खाली आले. त्यांना वाटलं, गाडी ठेवायची म्हणून मी ती नीट करतोय. मी काही बोललो नाही.

मी नव्या पट्ट्या मागवणार होतो. स्पेअर पार्टवाल्याने लोंबणारी पट्टी फोटोत बघूनच सांगितलं, ‘साहेब, पट्टी सारी छे, क्लिप गई छे.’ मूठभर क्लिपा त्याने तीस रुपयांत दिल्या. हरवलेली पट्टी भंगारात मिळाली, पण मरून रंगाची. ती ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, प्लास्टिकचा प्रायमर मारून आठवडाभर आधीच चंदेरी करून ठेवली होती. ताज्या रंगावर टेप नीट धरत नाही.

पुढची पट्टी ओढून काढायची नाही, रंग सोलून येतो. हेअर ड्रायरने गरम करायची आणि मागून नायलॉनची दोरी करवतीसारखी फिरवायची. आपल्याकडे उत्तरायणाचा मांजा घरोघरी पडलेला असतो, तो मात्र घेऊ नका, त्यातली काच रंग खरवडते. पट्टी सुटली आणि तिच्यामागून नदीचा गाळ पडला. वाळलेला, मऊ, मेंदीच्या पुडीसारखा. बाबा बराच वेळ तो चिमटीत धरून बसले होते.

गाळाखाली रुपयाएवढा गंज होता. तो पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासला, प्रायमर आणि रंग लावला, आणि काम पुढच्या रविवारवर ढकललं. इथेच लोक घाई करतात. झटपट चिकटणारा गोंदही नको: उन्हात पत्रा आणि प्लास्टिक सारखे फुगत नाहीत, आणि तो गोंद कडक असल्याने तडकतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं. यासाठी अ‍ॅक्रिलिक फोमचा डबल टेपच हवा. तो ताणही सोसतो.

दुसऱ्या रविवारी जुना चिकटा रॉकेलने काढला. रॉकेलचा तेलकटपणा राहतो म्हणून वर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवला. मास्किंग टेपने सरळ रेषा आखली. मी पट्टी लावणार तोच बाबा म्हणाले, ‘अरे, दार उघडून बघ आधी.’ बरोबर होतं. मागचं दार उघडताना त्याची पट्टी पुढच्या पट्टीला अडणार होती. मी फटच सोडली नव्हती. करंगळीचं नख मावेल एवढी सोडली, क्लिपा बसवल्या आणि अंगठ्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे दाबत गेलो.

‘आता तीन दिवस धुवायची नाही,’ मी म्हणालो. बाबा रोज सकाळी एक बादली पाणी गाडीला घालतात.

‘तीन दिवस?’

‘टेप पूर्ण धरायला ७२ तास लागतात.’

‘म्हणजे बुधवार संध्याकाळ,’ ते खुर्ची मिटत म्हणाले. ‘मग त्या दलालाला गुरुवारी बोलाव.’

मी बघतच राहिलो.

‘फोटो तू आधी घरच्या ग्रुपवर टाकले होतेस. दोन मिनिटांनी काढलेस. मी जागाच होतो.’

मी अजून फोन केलेला नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. गुरुवारी सकाळी सहाला खालून बादलीचा आवाज आला, तेव्हा मी गॅलरीतून बघितलं. ते डावीकडची बाजू सगळ्यात शेवटी धूत होते, पट्टीवरून हात अलगद फिरवत.